डिझेल इस्टेट घ्यायचीये: माहितीपत्रकातले आकडे वाचायचे कसे?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरात पाच माणसं, त्यातली आई व्हीलचेअरवर. सध्याची हॅचबॅक पुरत नाही. खुर्ची घडी करून डिकीत टाकली की उरलेलं सामान मांडीवर. एसयूव्ही बघून झाल्या, पण त्यांच्या डिकीचा काठ माझ्या कमरेच्या वर येतो आणि सतरा किलोची खुर्ची रोज तिथवर उचलायची म्हणजे माझीच खुर्चीत बसायची वेळ येईल. त्यामुळे इस्टेट (टप मागपर्यंत लांबवलेली, मोठ्या डिकीची कार; वॅगन म्हणा, कॉम्बी म्हणा) यावर गाडी येऊन थांबली आहे.

एक नजरेत आहे: स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, चौथी पिढी, वापरलेली. कागदावर असं लिहिलंय: २.० टीडीआय (टर्बो डिझेल), १९६८ सीसी, १५० पीएस (अश्वशक्ती), टॉर्क ३६० न्यूटन-मीटर, सात गियरची डीएसजी (गियर आपोआप बदलणारी), डिकी ६४० लिटर, सीट पाडल्यावर १७००, वापर ४.६ लिटर प्रति १०० किमी. यातच ११५ पीएसवाली पण मिळतेय.

माझं चालवणं: कामावर रोज ११ किमी जाणं, ११ येणं. शिवाय महिन्यातून दोनदा सगळं कुटुंब घेऊन ३०० किमी एकेरी.

१५० घ्यावी की ११५? ४.६ खरं मानायचं का? आणि मुळात डिझेलच घ्यावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फक्त_वाचक

वाचतोय.

सनरूफ

ताई, इस्टेट आता कोण घेतं? एसयूव्हीत बसायला उंच, रस्ता दिसतो, ज्येष्ठांना चढा-उतरायला सोपं. डिकीचं म्हणाल तर बटणावर उघडणारी घ्या.

रात्रपाळी

डिकी बटणावर उघडते हो, खुर्ची बटणावर चढत नाही.

विदाप्रेमी

:) चपखल.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो. पीएसचा आकडा आधी बाजूला ठेवा. त्या आकड्याला गाडी कधी पोचते? साडेतीन-चार हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे). डिझेल चालवणारा माणूस दिवसातून किती वेळा तिथे जातो? ओव्हरटेक करताना एकदा, तेही जमलं तर. उरलेला वेळ काटा १४०० ते २२०० मध्येच फिरतो. म्हणून बघायचा तो टॉर्क (इंजिनाचा पिळाचा जोर), आणि त्याहीपेक्षा तो कितीपासून कितीपर्यंत सपाट मिळतो ते. या इंजिनात साधारण सोळाशे-सतराशेपासून २७५० पर्यंत पूर्ण टॉर्क असतो.

टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ९५४९ ने भागा, किलोवॉट मिळतात. २००० आरपीएमवर ३६० न्यूटन-मीटर म्हणजे ७५ किलोवॉट. ११५ पीएसवालीचा टॉर्क ३०० धरला तर तिथेच ६३.

आता लागतात किती ते पाहा. सपाट रस्त्यावर ताशी १०० ने जायला अशा गाडीला जेमतेम १२ किलोवॉट पुरतात. हो, बाराच! पाच माणसं, खुर्ची आणि सामान धरून १९०० किलोची गाडी सहा टक्के चढावर ९० ने न्यायची तर नुसत्या चढाला २८ आणि वर हवा-टायरचे दहा, म्हणजे ३८ च्या आसपास. म्हणजे ११५ वालीलाही जमतं. फरक इतकाच की ती एखाद-दोन गियर खाली मागेल आणि १५० वाली आहे त्याच गियरमध्ये ओढून नेईल. भरलेली गाडी घेऊन महिन्यातून दोनदा जाणार असाल तर माझं मत १५० ला. तुम्ही एकट्याच फिरत असता तर ११५ म्हणालो असतो.

अवांतर: इंजिनाचा व्यास ८१ मिमी, स्ट्रोक ९५.५ मिमी. स्ट्रोक व्यासापेक्षा इतका लांब असलेलं इंजिन खालच्या आरपीएमवरच रमतं. हे आकडे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतात, पण इंजिनाचा स्वभाव तिथेच कळतो.

चौथा_गियर

विदाप्रेमी, दंडवत. पण १०० ला १२ किलोवॉट हे जरा फोडून सांगाल का? पटत नाहीये.

विदाप्रेमी

सांगतो. हवेचा रोध = अर्धा × हवेची घनता × सीडी × समोरचं क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. सीडी म्हणजे आकाराचा गुणांक, जितका कमी तितकी गाडी हवा सहज कापते. ऑक्टाव्हिया कॉम्बीचा सीडी ०.२६. समोरचं क्षेत्रफळ मी सव्वादोन चौरस मीटर धरलंय. ताशी १०० ला हवेचा रोध येतो २७० न्यूटन. टायरचा रोध, दीड टन गाडी आणि गुणांक ०.०१ धरून, १५० च्या जरा आत. बेरीज ४२०. वेगाने गुणलं की ११.६ किलोवॉट.

१३० ला तेच करा. टायरचा रोध जवळपास तेवढाच राहतो, हवेचा मात्र ४६० वर जातो. बेरीज ६०५, किलोवॉट २२. वेग तीस टक्के वाढला आणि ताकद जवळपास दुप्पट लागली.

आता सनरूफभाऊंच्या उंच गाडीला हेच लावू. सीडी ०.३२ आणि क्षेत्रफळ २.६ धरलं तर १३० ला नुसत्या हवेचा रोध ६५० न्यूटन. म्हणजे इस्टेटला हवा आणि टायर मिळून जेवढं ढकलावं लागतं त्याहून जास्त तिला एकट्या हवेलाच. इंजिन तेच, डिझेल तेच, पण टपाची उंची इंधन पिते.

गंमत म्हणजे कॉम्बीचा जुळा भाऊ, उतरत्या पाठीची ऑक्टाव्हिया, ०.२४ आहे. इस्टेटचं मागचं उभं दार हवेत मोठं भोवरं सोडतं. ते ०.०२ म्हणजे खुर्ची उभी राहील एवढ्या डिकीचं भाडं समजा. मला तरी स्वस्त वाटतं.

सनरूफ

बरं बाबा, हरलो. तरी उंच बसायला मजा येते.

जुनाट_काका

वाचून जुने दिवस आठवले. मर्सिडीझने १९३६ मध्ये २६० डी आणली तेव्हा अडीच लिटरचं डिझेल इंजिन ४५ अश्वशक्ती द्यायचं. मग १९८० साली त्यांचीच इस्टेट आली, ३०० टीडी टर्बोडिझेल. पाच सिलिंडर, २९९८ सीसी, १२५ पीएस, टॉर्क साधारण २५०. आज तुम्ही दोन लिटरच्याही आतून ३६० काढताय. तीन लिटरचं ते धूड ज्याने ऐकलंय त्याला मात्र हल्लीच्या गाड्या घसा बसल्यासारख्या वाटतात. हलके घ्या.

मधला सगळा फरक इंजेक्शनचा. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) आलं आणि डिझेलचा खडखड आवाज निम्म्यावर आला, कारण एका फवाऱ्याऐवजी आधी चिमूटभर आणि मग मुख्य, असं टप्प्याटप्प्यानं डिझेल सोडता आलं.

ग्रीसचे_हात

काकांना +१. पण ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेना, म्हणून लिहितो. माझं अर्धं आयुष्य गाड्यांच्या खाली गेलंय.

रोज ११ किमी. हाच आकडा तुमच्या कागदावर सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो माहितीपत्रकात नाही, तुमच्याकडे आहे.

डिझेल इंजिन काटकसरी आहे याचाच अर्थ ते उष्णता कमी वाया घालवतं. मग ते तापणार कशाने? थंडीत अकरा किमीत पाण्याचा काटा जेमतेम मधे येतो, तेल त्याच्याही मागे रेंगाळतं. म्हणून तर बऱ्याच डिझेल गाड्यांत केबिन गरम करायला वेगळा विजेचा हीटर बसवलेला असतो.

आता धुराड्यात डीपीएफ आहे. काजळी अडवणारी गाळणी. ती भरत आली की गाडी स्वतःच तिला जाळून साफ करते, त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते आणायला गाडी जास्तीचं डिझेल उशिरा फवारते. तुम्ही नेमकं त्याच वेळी घरी पोचून किल्ली बंद केली की काम अर्धवट. पुन्हा उद्या. पुन्हा अर्धवट. आणि ते उशिरा फवारलेलं डिझेल सगळंच जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात जातं.

एक गाडी आली होती माझ्याकडे, नाव कशाला. मालक खूश: "दादा, माझी गाडी तेल खात नाही, उलट वाढतंय!" डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. पुसून पुन्हा बुडवली, तेवढंच. दोन बोटांत घेऊन चोळलं तर चिकटपणा नाही, पाण्यासारखं. वास घेतला तर पंपावर उभं असल्यासारखा. त्या माणसाचं रोजचं जाणं सहा किमी, सात महिन्यांत एकदाही लांब गेला नव्हता.

साफसफाई चालू असल्याच्या खुणा लक्षात ठेवा: उभी असताना आरपीएम ८०० ऐवजी १००० च्या आसपास, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत नाही, त्या क्षणाचा वापर दाखवणारा आकडा उगाच चढलेला, आणि बंद केल्यावर पंखा घोंगावतोय. असं दिसलं तर घरी जाऊ नका. अजून पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्याला फिरवून आणा.

तुमच्या बाबतीत महिन्याला दोनदा सहाशे किमी आहेत, म्हणजे रोजच्या जाण्यायेण्यापेक्षा अडीचपट. त्यामुळे मी डिझेल नको म्हणणार नाही. ती लांबची फेरी बंद पडली तर मात्र म्हणेन.

तिसरी_रांग

शहरात चालवायचं तर पेट्रोल हायब्रिड घ्यावं हे माझं स्पष्ट मत. ब्रेक मारताना जाणारी ऊर्जा डिझेल परत घेत नाही.

ग्रीसचे_हात

शहरापुरतं शंभर टक्के मान्य. हमरस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग परत घ्यायचं काय?

रात्रपाळी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. मनापासून आभार. डिपस्टिकचा किस्सा वाचून खाली जाऊन सध्याच्या गाडीचं तेल तपासून आले. (पेट्रोल आहे ती. तरी तपासलं.)

आता ४.६ चं बोला. म्हणजे २१.७ किमी प्रति लिटर झाले ना?

विदाप्रेमी

हो. आणि ग्रॅममध्ये हवं असेल तर एक लिटर डिझेल जळून साधारण २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे ४.६ गुणिले २६.४, किलोमीटरला १२१ ग्रॅम. माहितीपत्रकातला ग्रॅमचा आकडा आणि लिटरचा आकडा असा ताडून पाहायचा, जुळला नाही तर दोन्हींपैकी एक दुसऱ्याच मॉडेलचा आहे.

इथेच एक तळटीप. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो होतो, कारण डिझेल जड असतं, लिटरमध्ये कार्बनही जास्त आणि ऊर्जाही. म्हणून "माझी डिझेल वीस देते, तुझी पेट्रोल साडेसतराच" म्हणणाऱ्याने कॉलर ताठ करू नये. धुराच्या हिशोबात दोघे सारखेच.

४.६ कुठल्या चाचणीतला ते बघा. जुनी एनईडीसी चाचणी वीस मिनिटांत अकरा किमी, सरासरी वेग ३४ च्या आत. ती गाडीपेक्षा चाचणी देणाऱ्याची हुशारी जास्त मोजायची. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि २०१८ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी लागू झाली: तीस मिनिटं, सव्वातेवीस किमी, कमाल वेग १३१. जुन्या गाडीचा ४.६ आणि नव्या गाडीचा ४.६ हे एकाच घरचे नाहीत. चौथी पिढी २०१९ अखेरीस आली, तेव्हा तुमचा नवा असावा.

चौथा_गियर

आणि २०१५ चं प्रकरण विसरू नका. फोक्सवॅगनच्या ईए१८९ इंजिनात चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर होतं, ते त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत उघडं पडलं. तेव्हापासून मी कुठल्याच कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

विदाप्रेमी

बरोबर, फक्त ते प्रकरण नायट्रोजनच्या ऑक्साइडचं होतं. युरोपच्या प्रदूषण नियमांत, डिझेल गाड्यांसाठी, युरो ५ ला मर्यादा किमीला १८० मिलिग्रॅम होती, युरो ६ ला ८० झाली. ऑक्टाव्हियाचं हे इंजिन नंतरचं आहे, त्यात हे ऑक्साइड मोडायला धुरात ॲडब्लू दोन ठिकाणी फवारतात. ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, उणे ११ ला गोठतं. ताई, त्याची वेगळी टाकी असते. डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नका.

जुनाट_काका

ॲव्हरेजसाठी आमची एकच युक्ती: उतारावर न्यूट्रल.

ग्रीसचे_हात

काका, ती कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आता गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनात डिझेलचा थेंब जात नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत की ते जिवंत राहायला पुन्हा पिऊ लागतं, तासाला अर्ध्या लिटरच्या पुढेमागे. वर उतारावर इंजिनाचा ब्रेकही गेला.

विदाप्रेमी

काकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. लांबलचक, अगदी सौम्य उतार असेल तर न्यूट्रलमध्ये गाडी खूप पुढे घरंगळते आणि हिशोब उलटा फिरू शकतो. काही डीएसजी गाड्या स्वतःच असं करतात. पण ते गाडीला करू द्यावं, हाताने नाही.

जुनाट_काका

म्हणजे अर्धा मी बरोबर. चालेल.

तिसरी_रांग

डिकीच्या लिटरवर कुणी बोललं नाही. ६४० लिटर म्हणजे पाणी ओतून मोजत नाहीत. २० × १० × ५ सेंमीचे, बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून किती बसले ते मोजतात. छोटा ठोकळा कोपऱ्याकापऱ्यात, चाकाच्या मागच्या खोबणीतही बसतो. व्हीलचेअर हा एकच ठोकळा आहे. त्यामुळे लिटर विसरा आणि टेप घेऊन जा: दाराची रुंदी, चाकांच्या कमानींमधलं अंतर, जमिनीपासून काठाची उंची, काठापासून आतला तळ किती खोल.

दुसरं, पेलोड. युरोपीय कागदात गाडीच्या वजनात ७५ किलोचा चालक आणि बरंचसं इंधन आधीच धरलेलं असतं. एकूण परवानगी असलेल्या वजनातून ते वजा केलं की बाकीच्या चौघांना आणि सामानाला किती उरतं ते कळतं. मोठी डिकी भरता येते याचा अर्थ ती भरायची परवानगी आहे असा नाही.

रात्रपाळी

धागा वर काढतेय, साडेतीन महिन्यांनी.

गाडी घेतली. ऑक्टाव्हिया नाही, दुसरी मिळाली. नाव लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात जाईल. डिझेल, दोन लिटर, १५० च्याच घरातली, इस्टेट. कागदावर ४.७.

टाकी फुल करून मोजलं. पहिल्यांदा फसले, कारण नोझल टक् करून बंद झालं की टाकी भरली असं समजले. डिझेलला फेस येतो, फेसालाच नोझल फसतं. आता पहिल्या टक् नंतर मिनिटभर थांबते, फेस बसतो, मग हळूच दुसऱ्या टक् पर्यंत, आणि तिथेच थांबते. दर वेळी तोच पंप, तीच जागा.

लांबचा प्रवास, पाच माणसं, १०० ते ११०: ६४० किमी, ३३.४ लिटर. म्हणजे १९.२ किमी प्रति लिटर.
तोच रस्ता, टपावर पेटी: ५८८ किमी, ३६.९ लिटर. १५.९!
नुसतं कामावर जाणं-येणं: ४१० किमी, २८.१ लिटर. १४.६.

पहिल्या फेरीला गाडीचा पडदा २०.४ दाखवत होता.

विदाप्रेमी

विदा दिल्याबद्दल कोटी कोटी धन्यवाद! पडदा सहा टक्के लाडिक आहे, एवढं चालायचंच. टपावरच्या पेटीने सव्वातीन किमी खाल्ले हे बघा. त्या पेटीने तुमची इस्टेट सनरूफभाऊंच्या पंगतीत नेऊन बसवली. रिकामी पेटीही तेवढीच खाते, काम झालं की काढून ठेवा.

ग्रीसचे_हात

तेल?

रात्रपाळी

दोन खुणांच्या मधे. वास तेलाचाच. परवा रात्री कामावरून येताना पंखा घोंगावायला लागला, तुमचं आठवलं, घर ओलांडून तशीच पुढे गेले, वीस मिनिटांनी परत. आई जागी होती, विचारत होती कुठे गेली होतीस. म्हटलं गाडीला फिरवून आणलं.

आणि हो, काठ जमिनीपासून ६१ सेंमी आहे. खुर्ची मागची चाकं न काढता आडवी आत जाते.

तिसरी_रांग

मस्त! तळाचा गालिचा उचलून पाहिलात का? खाली स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा?

रात्रपाळी

आत्ता बघून आले. डबा. आणि त्याची मुदत गेल्या वर्षीच संपलीये.